वस्तीनिहाय अन्न-असुरक्षिततेचा जोखीम-नकाशा: खुल्या डेटावरून तो नीट कसा करायचा

असे नकाशे माझ्याकडे तपासायला येतात तेव्हा मी आधी एकच गोष्ट विचारतो: हा नकाशा पाहून कोण, काय ठरवणार आहे? बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते अजून ठरलं नाही, डेटा मिळाला म्हणून काम सुरू केलं." पुढच्या चुकाही मग ठरलेल्या असतात. मिळेल तो डेटा एकत्र केला जातो, सरासरी काढली जाते, गडद लाल रंग भरला जातो आणि ज्या वस्तीत लोक खरोखर जेवण टाळताहेत ती वस्ती फिकट पिवळी दिसते. नकाशावर विश्वास ठेवून कोणी तिथली मदत कमी केली, तर त्याचा भार त्या घरांवर पडतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे.

साधनं साधी आहेत: क्यूजीआयएस (नकाशे करण्याचं मोफत सॉफ्टवेअर), एक स्प्रेडशीट आणि एक नोंदवही. पायथन किंवा आर या प्रोग्रामिंग भाषा येत असतील तर काम पुन्हा पुन्हा करणं सोपं जातं, पण त्यांच्यावाचून अडत नाही. वेळेचा अंदाज बांधताना निम्मा वेळ डेटा साफ करण्यासाठी धरा.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

हे वाक्य असं असावं: "शिजवलेल्या अन्नाची तीन नवी वाटप केंद्रं कुठे सुरू करायची हे ठरवण्यासाठी, पायी चालून अन्न आणावं लागणाऱ्या कमी उत्पन्नाच्या घरांचं प्रमाण कुठे जास्त आहे?" यात निर्णय आहे, माणसं आहेत आणि अडचणीचं स्वरूप आहे. "शहरातली अन्न-असुरक्षितता दाखवणे" हे वाक्य पुरेसं नाही, कारण त्यावरून कुठला डेटा घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे कळत नाही.

अन्नसुरक्षेच्या चार बाजू मानल्या जातात: अन्न उपलब्ध असणं, ते मिळवता येणं, शरीराला त्याचा उपयोग होणं आणि हे सगळं वर्षभर टिकणं. खुल्या डेटात पहिल्या दोन बाजू बऱ्यापैकी सापडतात. तिसरी क्वचित सापडते. उदाहरणार्थ, पिण्याचं पाणी आणि स्वयंपाकाचं इंधन यांच्या आकड्यांतून तिचा अंदाज घेता येतो. चौथी जवळपास सापडतच नाही. तुमचा नकाशा यांपैकी काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, हे आत्ताच लिहून ठेवा. हेच वाक्य शेवटी नकाशाखाली जाणार आहे.

सावधान. नकाशा जोखीम दाखवतो, उपाशी माणसं मोजत नाही. प्रत्यक्ष असुरक्षितता मोजण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची ८ हो-नाही प्रश्नांची अनुभव-मोजपट्टी आहे. "अन्न पुरणार नाही अशी काळजी वाटली का" इथून ती सुरू होते आणि "पूर्ण दिवस न खाता काढावा लागला का" इथे संपते. तिचे प्रसिद्ध आकडे देशपातळीचे असतात, फार तर प्रांतपातळीचे. देशाचा टक्का घेऊन तो लोकसंख्येच्या प्रमाणात वस्त्यांवर वाटणारे नकाशे मी पाहिले आहेत. त्यात प्रत्येक वस्तीची टक्केवारी सारखीच येते आणि दिसतो तो फक्त लोकसंख्येचा नकाशा.

## टप्पा २: 'वस्ती' म्हणजे नेमकी कोणती सीमा, ते ठरवा

जनगणनेचा सर्वांत लहान विभाग घ्यावा, असं सगळ्यांना वाटतं. पण विभाग जितका लहान, तितके नमुना सर्वेक्षणातले आकडे डळमळीत. समजा, एका विभागात गरीब घरांचं प्रमाण २४ टक्के आहे आणि त्रुटीची मर्यादा अधिक-उणे १४. म्हणजे खरा आकडा १० ते ३८ यांमध्ये कुठेही असू शकतो. शेजारचा विभाग ३१ टक्के, अधिक-उणे १२. दोघांत जास्त गरीब कोण, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. नकाशावर मात्र दोघांना वेगळे रंग मिळतात आणि पाहणारा खात्रीने बोट ठेवतो.

अशा वेळी दोन-तीन सारखे, लगतचे विभाग एकत्र करा. मोठा घटक आणि भरवशाचा आकडा ही जोडी, लहान घटक आणि भ्रामक अचूकता या जोडीपेक्षा केव्हाही चांगली.

सीमा बदलली की निष्कर्षही बदलतो. तीच माणसं, तीच दुकानं, पण सीमारेषा वेगळ्या आखल्या की दुसराच विभाग सर्वांत जोखमीचा ठरू शकतो. म्हणून शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या घटकांवर काम करून बघा, एकदा प्रशासकीय विभागांवर आणि एकदा समान आकाराच्या षट्कोनी जाळीवर. दोन्हीकडे जो पट्टा वर येतो, त्याच्याबद्दल तुम्ही ठामपणे बोलू शकता.

आणि शहराच्या हद्दीपाशी थांबू नका. हद्दीवरच्या घरातला माणूस हद्दीबाहेरच्या दुकानात जातोच. जास्तीत जास्त जेवढं अंतर मोजणार असाल, तेवढा पट्टा हद्दीबाहेर धरून दुकानं आणि रस्ते उतरवून घ्या. हे विसरलं की कडेचे सगळे विभाग विनाकारण लाल होतात. शहराच्या सीमेभोवती गडद कडं दिसलं, तर आधी हीच शंका घ्या.

## टप्पा ३: डेटा उतरवण्याआधी नोंदवही उघडा

प्रत्येक फाइलसाठी एक ओळ लिहा: कुठून घेतली, कोणत्या तारखेला, डेटा कोणत्या वर्षाचा, कोणत्या घटकावर, परवाना कोणता, काय गाळलं. हे कंटाळवाणं आहे, पण तीन महिन्यांनी कोणी "हा आकडा कुठला?" असं विचारेल, तेव्हा आठवणीवर विसंबता येत नाही.

साधारणपणे लागणारे थर असे:

- लोकसंख्या: जनगणना. ती जुनी झाली असेल तर वर्ल्डपॉपसारखे सुमारे १०० मीटरच्या चौकटींचे खुले अंदाज. ते इमारती, रस्ते, रात्रीचा प्रकाश अशा गोष्टींवरून काढलेले असतात, प्रत्यक्ष मोजलेले नसतात.
- आर्थिक स्थिती: उत्पन्न किंवा गरिबीचं प्रमाण. ते नसेल तर बेरोजगारी, घरभाड्याचा भार, घराचा प्रकार.
- घरांची रचना: एकटे राहणारे वृद्ध, लहान मुलं असलेली एकपालक घरं, अपंग व्यक्ती.
- अन्न मिळण्याची ठिकाणं: ओपनस्ट्रीटमॅपमधून, म्हणजे स्वयंसेवकांनी भरलेल्या खुल्या नकाशातून. त्यातला डेटा शोधून उतरवून देणाऱ्या ओव्हरपास टर्बो या संकेतस्थळावर सुपरमार्केट, किराणा, भाजीपाला आणि बाजार यांच्या खुणा वेगवेगळ्या मागवा. सगळं एका खुणेखाली सापडेल असं धरू नका.
- वाहतूक: वाहन नसलेल्या घरांचं प्रमाण, आणि बस-रेल्वेची वेळापत्रकं जीटीएफएस (वेळापत्रकांच्या खुल्या फाइलींचा प्रमाणित साचा) स्वरूपात मिळत असतील तर तीही.

वाटप केंद्रांवर किती लोक येतात, हा आकडा मिळाला तर मोह होतो. तो निर्देशांकात, म्हणजे हे सगळे आकडे (निर्देशक) एकत्र करून प्रत्येक विभागाला जो एक जोखीम-आकडा द्यायचा आहे त्यात, घालू नका. जिथे केंद्र आहे तिथेच माणसं मोजली जातात. जिथे केंद्र नाही तिथे आकडा शून्य येतो आणि गरज मात्र असते. हा डेटा पडताळणीसाठी बाजूला ठेवा, तोही जपून.

सावधान. ओपनस्ट्रीटमॅपवर दुकान नाही, याचा अर्थ जागेवर दुकान नाही असा होत नाही. तिथे कोणी नकाशा भरलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. गरीब आणि नव्याने वाढलेल्या वस्त्या अनेक ठिकाणी अपुऱ्या भरलेल्या असतात. तुमचा नकाशाही गरीब वस्त्याच शोधत असल्यामुळे ही उणीव तुमच्या अपेक्षेशी छान जुळते आणि लक्षातच येत नाही.

तपासणी. प्रत्येक विभागात घरांच्या आणि गल्ल्यांच्या नोंदी किती आहेत ते बघा. उपग्रहचित्रात दाट घरं दिसत असतील आणि ओपनस्ट्रीटमॅपवर चार इमारती असतील, तर त्या विभागातल्या दुकानांच्या आकड्यावर विसंबू नका. त्या विभागावर 'डेटा अपुरा' अशी वेगळी खूण करा. परवान्याकडेही लक्ष द्या. ओपनस्ट्रीटमॅपच्या परवान्यानुसार श्रेय देणं बंधनकारक आहे आणि त्यापासून तयार केलेला डेटाबेस सार्वजनिक केला, तर तोही त्याच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो.

## टप्पा ४: साफसफाई आणि जोडणी

इथली सर्वांत महागडी चूक दिसायला क्षुल्लक असते. विभागाचा संकेतांक '००४१७' आहे. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) डबल क्लिक करून स्प्रेडशीटमध्ये उघडली की तो आकडा समजला जातो आणि '४१७' होतो. फाइल सेव्ह केली की पुढची शून्यं कायमची गेली. सीमांच्या फाइलमध्ये '००४१७' तसाच असतो, त्यामुळे जोडणी होत नाही आणि तो विभाग रिकामा राहतो. मग कोणीतरी रिकाम्या जागी शून्य भरतं. आमच्या एका कामात अशा रीतीने शहराचा एक पूर्ण कोपरा 'शून्य टक्के गरिबी' दाखवत होता. तो कोपरा ओळखीचा होता म्हणून चूक पकडली गेली.

म्हणून क्रम असा ठेवा:

1. फाइल 'इम्पोर्ट' करा आणि संकेतांकाचा रकाना मजकूर म्हणून निवडा.
2. जोडणीआधी दोन्हीकडच्या ओळी मोजा. जोडणीनंतर पुन्हा मोजा.
3. न जुळलेल्या संकेतांकांची यादी काढा आणि प्रत्येकाचं कारण लिहा.
4. जनगणना आणि सीमा एकाच वर्षाच्या आहेत का ते बघा. मध्ये सीमा बदलल्या असतील तर जुन्या-नव्या संकेतांकांचा तक्ता शोधा. नावांवरून जोडू नका, एकच नाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं.
5. रिकामी किंमत रिकामीच ठेवा. शून्य म्हणजे 'मोजलं आणि सापडलं नाही', रिकामं म्हणजे 'माहीत नाही'.
6. संख्यांचं प्रमाणात रूपांतर करा. '१,२०० गरीब घरं' हा आकडा मोठ्या विभागात मोठाच असणार. टक्केवारी काढा, पण मूळ संख्याही वेगळ्या रकान्यात जपा, पुढे लागेल.

नकाशाच्या डेटाच्या फाइलींचे दोन प्रकार नेहमी भेटतात, जुनी शेपफाइल आणि नवं जिओपॅकेज. काम शेपफाइलऐवजी जिओपॅकेजमध्ये ठेवा. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव १० अक्षरांत कापलं जातं आणि देवनागरी मजकूर बिघडण्याचा धोका असतो.

तपासणी. सर्व विभागांच्या लोकसंख्येची बेरीज करा आणि शहराच्या प्रसिद्ध आकड्याशी ताडून बघा. मोठा फरक असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: अंतर मोजणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सावकाश केल्याचं फळ याच टप्प्यावर सर्वांत जास्त मिळतं.

आधी प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत. प्रत्येक पद्धतीला ईपीएसजी क्रमांक असतो. उतरवलेला डेटा बहुधा अक्षांश-रेखांशांच्या ईपीएसजी ४३२६ मध्ये असतो आणि त्यात एकक अंश असतं. त्यावर १००० चा बफर (ठरावीक अंतराचा भोवतालचा पट्टा) मागितला तर १००० अंशांचा बफर मागितला असं होतं. वेब मर्केटर हे वेबवरच्या नकाशांचं प्रक्षेपण, म्हणजे ईपीएसजी ३८५७, मीटर दाखवतं, पण विषुववृत्तापासून दूर जाऊ तसे ते मीटर खोटे होत जातात. ६० अक्षांशावर अंतर खऱ्याच्या दुप्पट येतं. तुमच्या भागाचा यूटीएम पट्टा (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येकासाठी केलेलं मीटरमधलं प्रक्षेपण) किंवा देशाचं अधिकृत प्रक्षेपण निवडा आणि सगळे थर त्यात बदलून घ्या.

मग सुरुवातीचा बिंदू. विभागाचा भौमितिक मध्य घेऊ नका. विभागात मोठं तळं किंवा कारखान्याची मोकळी जागा असेल तर तो मध्य तिथेच पडतो, जिथे कोणीच राहत नाही. लोकसंख्येच्या चौकटी वापरून प्रत्येक चौकटीपासून अंतर मोजा आणि लोकसंख्येच्या भाराने विभागाची सरासरी काढा.

मग रस्ता. सरळ रेषेतलं अंतर फसवं असतं. आमच्या एका नकाशात एका विभागाला सर्वांत कमी जोखीम मिळाली होती, कारण मोठं दुकान ३०० मीटरवर होतं. जागेवर गेलो तर मध्ये रेल्वेमार्ग, दोन्ही बाजूंना कुंपण आणि ओलांडायला एकच पादचारी पूल, दोन टप्प्यांचा जिना असलेला. पुलाच्या मधल्या कठड्यापाशी एक आजी दोन पिशव्या खाली ठेवून उभ्या होत्या. पिशव्या हातात घेऊन आम्ही त्यांच्याबरोबर खाली उतरलो. दारापर्यंतचं चालणं सव्वा किलोमीटरच्या वर भरलं. त्या दिवसापासून सरळ रेषेवर काढलेलं अंतर मी कोणत्याही नकाशात ठेवू देत नाही.

रस्त्याने अंतर काढण्यासाठी क्यूजीआयएसमधलं नेटवर्क विश्लेषण, किंवा ओपनरूटसर्व्हिस, ओएसआरएम ही मार्ग काढणारी खुली साधनं वापरता येतात. पायी जाण्याचा पर्याय निवडा. मोटारीचा पर्याय निवडला तर एकेरी रस्ते आडवे येतात आणि गल्ल्या गळतात.

मग मर्यादा. किती दूर म्हणजे 'दूर'? अमेरिकेच्या कृषी खात्याचा नकाशा शहरी भागासाठी अर्धा किंवा १ मैल आणि ग्रामीण भागासाठी १० किंवा २० मैल अशा मर्यादा वापरतो. त्या तशाच उचलू नका. जिथे बहुतेक घरांकडे मोटार आहे तिथली मर्यादा, जिथे लोक पायी किंवा बसने जातात तिथे लावली की अडचण झाकली जाते. ताशी ४ ते ५ किलोमीटर हा धडधाकट माणसाचा वेग आहे. १५ मिनिटांत तो एक-सव्वा किलोमीटर जातो. भरलेली पिशवी, कडेवर मूल किंवा दुखरे गुडघे असतील तर तेवढ्याच वेळात बरंच कमी अंतर कापलं जातं. म्हणून एक मर्यादा ठरवून 'आत-बाहेर' असं करण्यापेक्षा मिनिटं तशीच ठेवा.

शेवटी, दुकान आहे याचा अर्थ अन्न परवडतं असा घेऊ नका. अंतर कमी आणि उत्पन्न कमी असलेल्या वस्त्यांत लोक दुकानासमोरून रिकाम्या हाताने जातात. अंतराला निर्देशांकात सर्वांत मोठा भार, म्हणजे सर्वांत जास्त महत्त्व, देणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. अंतर मोजता येतं, म्हणून ते महत्त्वाचं वाटू लागतं. माझ्या मते उत्पन्नाची बाजू नेहमीच आधी येते.

## टप्पा ६: सगळे निर्देशक एका मापावर आणा

टक्के, मिनिटं आणि संख्या यांची थेट बेरीज होत नाही. सोपी पद्धत: किंमत वजा किमान, भागिले कमाल वजा किमान. कमी उत्पन्नाच्या घरांचं प्रमाण शहरात १२ ते ६४ टक्के असेल आणि एका विभागात ३८ असेल, तर २६ भागिले ५२, म्हणजे ०.५.

ही पद्धत एका टोकाच्या किमतीने मोडते. एकच दूरचा विभाग ९० मिनिटांवर असेल आणि बाकी सगळे २० मिनिटांच्या आत, तर बाकी सगळ्यांची किंमत ० ते ०.२ मध्ये दाबली जाते आणि अंतराचा निर्देशक जवळजवळ निरुपयोगी होतो. उपाय दोन: सर्वांत खालचे आणि वरचे ५ टक्के छाटून त्या मर्यादेवर आणणं, किंवा मूळ किमतीऐवजी क्रम वापरणं. मी आधी प्रत्येक निर्देशकाचा स्तंभालेख (कोणत्या किमतीचे किती विभाग आहेत ते दाखवणारा आलेख) काढतो आणि मग ठरवतो.

दिशा तपासा. प्रत्येक निर्देशकात जास्त म्हणजे वाईट असंच असायला हवं. 'वाहन असलेली घरं' हा रकाना तसाच घातला तर तो उलट काम करतो. १ मधून वजा करा आणि रकान्याचं नावही बदला.

पुनरुक्ती तपासा. गरिबी, बेरोजगारी आणि लहान घर हे तिघं बहुधा एकच गोष्ट सांगतात. तिन्ही घातले की गरिबीला नकळत तिप्पट भार मिळतो. निर्देशकांचा परस्परसंबंध (दोन आकडे किती एकत्र हलतात ते सांगणारा, -१ ते १ मधला आकडा) काढा. ०.८ च्या वर असेल तर त्या दोघांतला एक काढून टाका, किंवा आधी त्यांची सरासरी काढून एकच निर्देशक करा. पाच-सहा निर्देशक पुरतात. पंधरा घातले की कोणता आकडा कशामुळे हलला ते कोणालाच सांगता येत नाही.

## टप्पा ७: भार आणि बेरीज

सुरुवात समान भारांनी करा. भार बदलायचा असेल तर कारण लिहा आणि हे निकाल बघण्याआधी करा. निकाल पाहून 'हा विभाग वर यायला हवा होता' म्हणून भार हलवणं म्हणजे उत्तर आधी लिहून गणित मागून जुळवणं.

बेरजेच्या पद्धतीत एक खोल खड्डा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात २०१० पासून गुणोत्तर सरासरी (किमतींची बेरीज न करता गुणाकार करून त्याचं मूळ काढणं) वापरतात, म्हणजे एका बाजूची कमतरता दुसऱ्या बाजूच्या भरभराटीने झाकली जाऊ नये. ते पाहून अनेक जण जोखमीच्या निर्देशांकातही तीच वापरतात. पण तिथे जास्त म्हणजे चांगलं असतं, इथे जास्त म्हणजे वाईट. 'अ' विभागात उत्पन्नाची जोखीम ०.९ आणि अंतराची ०.१, 'ब' मध्ये दोन्ही ०.५. साध्या सरासरीने दोघांना ०.५ मिळतात. गुणोत्तर सरासरीने 'अ' ला ०.३ मिळतात आणि 'ब' ला ०.५. म्हणजे अत्यंत गरीब पण दुकानाजवळची वस्ती यादीत खाली ढकलली जाते. पद्धतीचा हेतू नेमका उलटा झाला. साधी सरासरी ठेवा आणि शेजारी एक वेगळा रकाना ठेवा: कोणत्याही एका निर्देशकात ०.९ किंवा त्याहून जास्त आलेले विभाग. ती यादी सरासरीइतकीच महत्त्वाची आहे.

तपासणी. भार थोडे-थोडे बदलून, एकेक निर्देशक काढून, किमान दहा वेळा निर्देशांक पुन्हा काढा. प्रत्येक वेळी सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यात कोण आहे ते नोंदवा. दहाही वेळा वर राहिलेले विभाग पक्के. चार-पाच वेळाच आलेले विभाग 'अनिश्चित' म्हणून दाखवा. हा रकाना नकाशाबरोबर द्या, लपवू नका.

## टप्पा ८: रंग भरण्याआधी जागेवर जा

बारा विभाग निवडा: चार वरचे, चार मधले, चार खालचे. त्यांत एक तरी अशी जोडी घ्या की शेजारी-शेजारी असूनही आकड्यात मोठा फरक आहे. चुका बहुतेक तिथेच सापडतात. पाहणी करणाऱ्याला विभागाचा आकडा सांगू नका, नाहीतर त्याला तेच दिसेल.

काय बघायचं: नोंदलेली दुकानं आहेत का, उघडी असतात का, ताजं अन्न ठेवतात का. नकाशात नसलेले विक्रेते किती आहेत. चालायला रस्ता कसा आहे. आणि बोलायचं कोणाशी, तर अंगणवाडीसारख्या बालकेंद्रात काम करणाऱ्या ताई, शाळेतले शिक्षक, घरपोच आरोग्यसेवा देणारे, छोटे दुकानदार. उधारीची वही कधी भरू लागते हे दुकानदाराला महिन्याच्या तारखेनिशी माहीत असतं, आणि तसं काही कोणत्याही खुल्या डेटात मिळत नाही.

मनुष्यबळ असेल तर टप्पा १ मधले ८ प्रश्न काही घरांत विचारा. संमती घ्या, नावं लिहू नका, आणि मदत हवी असलेल्याला ती कुठे मिळेल याचा कागद बरोबर ठेवा. माणसाला त्याच्या भुकेबद्दल विचारून तसंच निघून येऊ नये.

बारापैकी तीन-चार ठिकाणी नकाशा आणि जागा जुळली नाही, तर परत टप्पा ३ वर जा. त्या विभागांचे आकडे हाताने सुधारू नका. चूक कुठल्या थरात आहे ते शोधा, कारण तीच चूक न पाहिलेल्या विभागांतही असणार.

## टप्पा ९: नकाशा काढणं

पाच वर्ग पुरे. प्रत्येक वर्गात सारखेच विभाग येतील असे समान संख्येचे वर्ग केले तर पाचवा हिस्सा विभाग कायम गडद दिसतील, परिस्थिती कितीही सुधारली तरी. नैसर्गिक तुटींचे वर्ग, म्हणजे आकड्यांत जिथे मोठी फट दिसते तिथे सीमा आखलेले वर्ग, एका नकाशापुरते चांगले दिसतात, पण पुढच्या वर्षी त्यांच्या सीमा बदलतात आणि तुलना करता येत नाही. दरवर्षी नकाशा करायचा असेल तर वर्गांच्या सीमा एकदाच ठरवून गोठवा. आणि मापासाठी पहिल्या वर्षीची किमान-कमाल किंमतच वापरत राहा.

रंग एकाच छटेचे, फिकटाकडून गडदाकडे. लाल-हिरवा फरक न दिसणारे वाचक असतात, आणि हिरवा रंग 'इथे सगळं ठीक' असं सांगतो, जे तुम्हाला माहीत नाही. डेटा अपुरा असलेल्या विभागांना तिरक्या रेघा द्या, पांढरं सोडू नका.

विस्तीर्ण आणि विरळ वस्तीचे विभाग नकाशावर डोळ्यात भरतात, दाट आणि चिमुकले दिसतच नाहीत. त्यासाठी टप्पा ४ मध्ये जपलेली मूळ संख्या वापरा: विभागाचा रंग जोखमीचा आणि त्यावरच्या वर्तुळाचा आकार कमी उत्पन्नाच्या घरांच्या संख्येचा.

## टप्पा १०: बाहेर देण्याआधी

आकडे फार लहान असतील, समजा एखाद्या विभागात अशी ५ घरंही नसतील, तर ती संख्या देऊ नका. अशा घरांना ओळखणं सोपं असतं. मदत घेणाऱ्यांची ठिकाणं बिंदू म्हणून कधीही दाखवू नका.

गडद विभागांत राहणाऱ्यांना नकाशा सर्वांत आधी दाखवा. 'भुकेली वस्ती' असा शिक्का बसला की घर भाड्याने देणारे, नोकरी देणारे आणि शाळा त्या पत्त्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात. शीर्षकात 'जोखीम' हा शब्द ठेवा, विभागांना क्रमांक लावून यादी छापू नका, आणि प्रत्येक विभागाच्या नोंदीत जोखीम कशामुळे आहे ते लिहा: उत्पन्न, अंतर, वाहतूक की घरांची रचना. वाटप केंद्र कुठे काढायचं हे ठरवणाऱ्याला एकूण आकड्यापेक्षा हेच जास्त उपयोगी पडतं. अंतरामुळे वर आलेल्या वस्तीला बसची फेरी हवी असेल आणि उत्पन्नामुळे वर आलेल्या वस्तीला रोख मदत.

नकाशाखाली या गोष्टी लिहा: टप्पा १ मधलं वाक्य, प्रत्येक थराचं वर्ष, न दाखवलेल्या बाजू, अनिश्चित विभाग, आकड्यावरून एखाद्या घराबद्दल निष्कर्ष काढू नये अशी सूचना, आणि पुन्हा तपासायची तारीख. मोठं दुकान बंद झालं, बसमार्ग बदलला, कारखाना बंद पडला किंवा नवी जनगणना आली, तर त्या तारखेची वाट न पाहता टप्पा ३ पासून काम पुन्हा सुरू करा.